खळ लावलेला खांदा

मास्तरीणबाई लेकीच्या घरी गेल्या त्या दोन बॅगा घेऊन. एक भरलेली, एक रिकामी. भरलेलीत त्यांचे दहा दिवसांचे कपडे, कात्री, सुयादोऱ्यांचा डबा आणि नातींसाठी स्वतः शिवलेले चार फ्रॉक. रिकामी बॅग परत येताना भरायची होती. तिच्यात नातींचे कपडे यायचे होते, खेळणी यायची होती, आणि बॅगेबरोबर दोन्ही नाती यायच्या होत्या.

जावयाला यातलं काही सांगितलं नव्हतं. लेकीशी मात्र फोनवर ठरलं होतं. लेक नर्स. दीड वर्षाच्या करारावर परदेशातल्या इस्पितळात गेलेली, त्यातले चार महिने झालेले. मागे नवरा आणि दोन वर्षांच्या जुळ्या मुली. "आई, तू जाऊन बघ," ती म्हणाली होती. "त्याला विचारलं की म्हणतो सगळं ठीक आहे. पण त्याचं काय, घराला आग लागली तरी ठीक आहेच म्हणेल. तुला वाटलं त्याला जमत नाहीये, तर मुलींना तुझ्याकडे घेऊन जा. तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं, एवढं मास्तरीणबाईंना पुरेसं होतं. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं निघायच्या आधीच ठरलेलं होतं. उगीच का कोणी रिकामी बॅग वाहून नेतं?

मास्तरीणबाई म्हणजे शाळेतल्या बाई नव्हेत हं. वर डोंगरातल्या थंड गावात त्यांचं शिवणाचं दुकान, चाळीस वर्षांचं. नवरा टेलर मास्तर, म्हणून या मास्तरीण. मास्तर गेले, मशीन आणि नाव मागे ठेवून गेले. शाळेचे गणवेश, कोट, अस्तर लावलेली जाकिटं, असलं सगळं काम. गावातल्या निम्म्या माणसांना त्या चेहऱ्याने नाही, मापाने ओळखत. नजर अशी, की समोरच्याची खुशाली विचारता विचारता त्याच्या कॉलरची टीप कुठे वाकडी गेलीय ते बघून मोकळ्या. आणि नुसत्या बघून गप्प बसतील तर त्या मास्तरीणबाई कसल्या.

जावई त्यांना पहिल्यापासून पसंत नव्हता. माणूस वाईट म्हणून नव्हे, त्याचं काम तसलं म्हणून. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्याचा तो प्रमुख. लग्न ठरलं तेव्हा बाई बोलून गेल्या होत्या, "माझी मुलगी माणसं बरी करते आणि हा त्यांच्या चादरी धुतो." हे त्याच्या कानावर गेलं असणारच. असलं कानावर घालायला नातेवाईक टपलेलेच असतात. त्याने मात्र कधी तसं दाखवलं नाही.

आणि आता या चार महिन्यांत नवीनच संशय. फोनच्या पडद्यावर जावई जेव्हा जेव्हा दिसे, तेव्हा तेव्हा अंगात पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा, कॉलर ताठ. नातेवाइकांनी त्याचं नावच ठेवलं होतं, कडक इस्त्री. सगळे हसत, पण मास्तरीणबाईंना हसू येईना. दोन वर्षांची दोन पोरं ज्याच्या अंगाखांद्यावर आहेत, त्याच्या शर्टाला डाग नाही? याचा अर्थ सरळ होता. पोरं दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगाखांद्यावर होती, आणि हा स्वतःला आरशात बघत होता. वरून कीर्तन, आतून तमाशा.

बस उतारावरून सपाटीला लागली तशी हवा बदलली. शहरात उतरल्या तेव्हा तापलेल्या तव्यासमोर उभं राहिल्यासारखं झालं. बाईंच्या अंगावर अस्तर लावलेला, पूर्ण बाह्यांचा ड्रेस. दहा पावलांत तो पाठीला चिकटला. समोर जावई उभा. पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या, डाव्या खांद्यावर एक नात. दुसरी त्याच्या पॅन्टला धरून उभी. सात मिनिटं आधी जन्मलेली म्हणून ती मोठी, खांद्यावरची धाकटी. घरात त्यांना याच नावांनी हाका मारत.

"या आई. प्रवास नीट झाला ना?" म्हणत त्याने वाकून भरलेली बॅग उजव्या हातात घेतली. रिकामी नुसती करंगळीला अडकवली. क्षणभर तिच्याकडे बघितलं, मग चालायला लागला.

बाईंचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. त्या नातींचे कपडे बघत होत्या. फ्रॉक म्हणावं की पिशवी? बाह्या नाहीत, कॉलर नाही, खांद्यावर नुसत्या नाड्या बांधलेल्या. कापड विटून विटून रंग पार उडालेला. टीप तर हातानं घातलेली, धावदोऱ्याची, मुंगी पावसात सैरावैरा पळावी तशी. आणि कहर म्हणजे शिवण बाहेर. पोरींना कपडे उलटे घालून हा माणूस बसस्टँडवर आला होता. स्वतः मात्र नवरदेव.

घरी पोचल्या पोचल्या त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? मोठीचा फ्रॉक काढला, सुलटा केला आणि परत घातला.

मोठीने मान वाकडी केली. "आजी, टोच," ती म्हणाली.

"काही टोचत नाही. शहाण्या मुली कपडे सुलटे घालतात."

मोठीने तो फ्रॉक स्वतःच ओढून काढला आणि उघडीच पळाली. जावई स्वयंपाकघरातून सगळं बघत होता.

रविवारी बाईंनी आपले फ्रॉक बाहेर काढले. खोटं कशाला बोला, फ्रॉक देखणे होते. सायीच्या रंगाचे, आत साटीनचं अस्तर, गळ्याला लेस, बाह्या फुग्याच्या. महिनाभर दुकान सांभाळून शिवलेले. बागेत जायचं होतं.

"आई, ऊन उतरल्यावर घालूया का हे?" जावई म्हणाला. "आत्ता गरम होईल त्यांना."

"जावईबापू, चाळीस वर्षं मी पोरांचेच कपडे शिवतेय," बाई म्हणाल्या. "पोरींना माणसांत न्यायचं तर माणसांसारखं न्यावं."

त्याने हात पुसले आणि मुलींच्या चपला काढून दिल्या.

बागेत अर्धा तास नुसतं कौतुक चाललं होतं. कोणी थांबून विचारायचं, कुठून घेतले हो फ्रॉक? बाईंची मान हातभर वर. मग धाकटी किरकिर करायला लागली. मग मोठी. मग दोघी मिळून भोकाड. काही केल्या गप्प बसेनात. पाणी नको, फुगा नको, आजी नको. घरी आणून बाईंनी मागची बटणं काढली आणि त्यांचा हातच थांबला. पाठभर घामोळं. मानेला लेसचा वळ, जसाच्या तसा, पाकळी न् पाकळी उठलेली. काखेत आणि कोपरांच्या वळीत कातडी लालभडक झालेली.

जावई ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्याने दोघींना कोमट पाण्याच्या टबात बसवलं, टिपून कोरडं केलं, एका जुन्या मऊ चादरीवर पंख्याखाली निजवलं, आणि त्या उलट्या शिवणीच्या पिशव्या अंगात घातल्या. पाच मिनिटांत दोघी झोपल्या. धाकटीने झोपेत फ्रॉकचं खालचं टोक मुठीत धरून नाकाशी नेलं होतं.

बाई मशीनवर बसल्यासारख्या ताठ बसून राहिल्या. मनात मात्र ठिगळावर ठिगळ चाललं होतं. गावाकडे थंडी असते, तिथे हे फ्रॉक चालतील. पोरींना तिकडेच नेलं पाहिजे. इथली हवाच वाईट. असं स्वतःला समजावत होत्या खऱ्या, पण कुठेतरी टाका सुटला होता तो सुटलाच.

सोमवारी पहाटे पाचाला आवाजाने जाग आली. बाई पडल्या पडल्या दार किलकिलं करून बघायला लागल्या. म्हटलं, आता दिसेल खरं काय ते. आता कोणीतरी बाई येईल कामाला, पोरींना ताब्यात घेईल आणि हा आरशासमोर उभा राहील.

कोणीही आलं नाही. जावई बनियनवर, समोर तीन बादल्या. कपडे डागांप्रमाणे वेगळे केलेले. दुधाचे आणि अंड्याचे गार पाण्यात, तेलाचे गरम पाण्यात, पांढरे चुलीवरच्या पातेल्यात उकळत. सूर्य वर यायच्या आत दोऱ्यांवर सगळं वाळत पडलं. मग खिडक्या बंद, पडद्यांवर पाण्याचा हबका. मग मुली उठल्या. एकीला केळं, एकीला दूध-पाव, मग एकीला हवं ते दुसरीचं. जमिनीवर सांडलेलं पुसलं, परत सांडलं, परत पुसलं. दोघींच्या आंघोळी, डोकी विंचरणं, नाड्या बांधणं. एका पायाने चेंडू ढकलत हा माणूस दोन्ही हातांनी वेण्या घालत होता, आणि तोंडाने कोंबड्याची गोष्ट सांगत होता. गोष्टीतला कोंबडा दर वाक्याला आरवायचा. तो आरवला की मुली हसायच्या आणि हसल्या की तोंड उघडायच्या, तेवढ्यात घास आत.

मास्तरीणबाईंनी स्वतः एकच मूल वाढवलं होतं, तेही सासू आणि नणंद हाताशी असताना. त्या अंथरुणात उठून बसल्या. दार पूर्ण उघडलं. बघतच राहिल्या.

शेवटी तो आत गेला आणि सात मिनिटांत बाहेर आला. पांढरा शर्ट, पट्टा, पॉलिश केलेले बूट. बाईंच्या मनात आलं, आता हा पोरींपासून चार हात लांब उभा राहणार. तर त्याने दोघींना एकदम उचललं. आधी शर्ट घातला आणि मग पोरींना घेतलं, असला उफराटा माणूस त्यांनी जन्मात बघितला नव्हता. मोठीने केळ्याचा हात त्याच्या डाव्या खांद्यावर सावकाश, चांगला चोळून पुसला. बाईंच्या तोंडून "अगं अगं" निघालं. त्याने खिशातून ओलं फडकं काढलं, दोनदा टिपलं, एकदा पुसलं. डाग गेला. नुसता फिका झाला असं नाही, गेलाच.

बाई उठल्या, जवळ गेल्या आणि आयुष्यभराच्या सवयीने त्यांनी शर्टाला हात लावून बघितला. डावा खांदा पत्र्यासारखा कडक. छाती कडक, कॉलर कडक. उजवा खांदा बेताचा. आणि पाठ, काखा मात्र मऊ, खळीचा थेंब नाही.

"खळ सारखी नाही लागली," त्या म्हणाल्या.

"लागली नाही आई, लावलीय तशी," तो म्हणाला. "बस जाईल, चला. तुम्हीही येताय ना? घामोळं आहे तोवर पाळणाघरात कोणी ओळखीचं जवळ असलं तर बरं."

पाळणाघर इस्पितळाच्याच आवारात होतं. दुपारी मुली झोपल्यावर बाई धुलाईखाना शोधत तळघरात उतरल्या. चादरी धुणारा माणूस चादरी कशा धुतो ते आज बघायचंच होतं.

खाली वाफ होती. खोलीएवढाली पिंपं फिरत होती. एका बाजूला मळलेल्या चादरींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला स्वच्छ चादरींच्या थप्प्या छतापर्यंत. मधे एक लांबलचक गरम रोलर. ओली चादर एका अंगाने आत जायची आणि दुसऱ्या अंगाने कोरडी, सपाट बाहेर यायची. जावई दिव्याखाली उभा राहून एकेक चादर उजेडात धरत होता आणि बोलत होता. "हे औषध. हे रक्त, गार पाण्यात. हे सांडलेलं दूध, बाळंतिणीकडचं. ही आता झिजली, ही बाळांकडे." पेपर वाचावा तसा माणूस चादर वाचत होता. चाळीस वर्षं कापड हातात घेऊनही बाईंना असं वाचता येत नव्हतं, आणि ते त्यांना तिथल्या तिथे कबूल करावं लागलं.

"झिजलेली बाळांकडे का?" त्यांनी रोलरवर काम करणाऱ्या मावशींना विचारलं.

"नवीन कापड चावतं हो बाळाला, या उकाड्यात तर फारच," मावशी म्हणाल्या. "दोनशे वेळा धुतलेली चादर लोण्यासारखी होते. ती फाडून आम्ही बाळांची अंगडी करतो. शिवण बाहेर ठेवायची. बाहेरून दिसेना का वाईट, आतून टोचायला नको. तुम्ही कोण?"

"मी त्यांची सासू."

मावशींनी रोलर थांबवला. "म्हणजे वरच्या गावच्या मास्तरीणबाई? अहो, सगळ्यांना सांगत असतात ते, माझ्या सासूबाईंसारखी सरळ टीप अख्ख्या मुलखात कोणाची नाही."

मावशी बोलत राहिल्या. मुलींची आई परदेशी गेली त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. साहेब एक दिवस मळका शर्ट घालून पाळणाघरात गेले. रात्रभर जागरण, खांद्यावर दुधाचा डाग, बटण तुटलेलं. तिथल्या नव्या बाईने बघितलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, मुलींना नीट बघणारं घरी कोणी नाही का? मुलींचे कान, नखं, डोकं सगळं तपासलं. मुली अगदी स्वच्छ होत्या. पण दुसऱ्या दिवशी परत तपासलं.

"तिसऱ्या दिवसापासून हा शर्ट," मावशी म्हणाल्या. "मला म्हणाले, मावशी, आईच्या अंगावर डाग असला तर लोक म्हणतात बिचारी किती राबते. बापाच्या अंगावर असला तर मुली उचलून नेतील."

रोलर पुन्हा सुरू झाला. मास्तरीणबाई तिथेच एका थप्पीला टेकून उभ्या राहिल्या. डाग दिसला असता तर त्यांनी म्हटलं असतं, जमत नाहीये. डाग दिसला नाही तर म्हणाल्या, मुलींना हातच लावत नाही. त्या माणसाने करावं तरी काय? चित भी मेरी पट भी मेरी असला न्याय त्या रिकाम्या बॅगेत घालून घेऊन आल्या होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटली. अगदी स्वच्छ, सरळ लाज.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर जावई इस्त्री करायला बसला. शेजारी पातेलीत खळ, गोंदासारखी दाट. मुली गॅलरीत पाण्याच्या टबात खेळत होत्या. बाई समोर येऊन बसल्या.

"खळीचं सांगा मला," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षांत त्यांनी कोणाला असं विचारलं नव्हतं.

त्याने पातेलीत बोट बुडवून शर्टाच्या खांद्यावर फिरवलं. "खळ असली की डाग खळीवर बसतो आई, कापडापर्यंत पोचतच नाही. संध्याकाळी पाण्यात टाकलं की खळ निघते, तिच्याबरोबर डागही. पांढरं अशासाठी की उकळता येतं. आणि पाठीला लावत नाही, तिथे वारा लागला पाहिजे. मुली डाव्या खांद्यावर असतात, उजवा हात मोकळा लागतो ना. म्हणून डावा जास्त कडक."

"आणि मुलींचे ते फ्रॉक?"

"हिचे जुने सुती ड्रेस होते कपाटात. इतके धुतलेले की चादरींपेक्षा मऊ. मुली रडायला लागल्या की त्यात तोंड खुपसायच्या, म्हणून म्हटलं अंगातच घालूया." तो जरा ओशाळला. "मशीन येत नाही मला. हातानं शिवले. तुम्हाला बघवत नसेल."

बाईंनी दोरीवरचा एक फ्रॉक ओढून घेतला. या वेळी त्यांनी तो नीट बघितला. निळा होता तो कधीकाळी, पांढऱ्या ठिपक्यांचा. हे कापड त्यांनी स्वतः आणलं होतं. लेक नर्सिंगच्या शाळेत निघाली त्या वर्षी. वरची सगळी शिवण वेडीवाकडी, पण खालच्या घेराची तुरपाई बारीक, एकसारखी. स्वतःचा टाका माणूस दहा वर्षांनीही ओळखतो.

"ही तुरपाई माझी आहे," त्या म्हणाल्या.

"हो. ती नाही उसवली मी. बाकी सगळं कापलं, पण खालचा घेर तसाच ठेवला. माझ्याने तसा झालाच नसता." तो म्हणाला, "धाकटी तेच टोक धरून झोपते."

चाळीस वर्षं शिवण शिवली, ती आतल्या अंगाला कुणाला टोचते का, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. ज्याला त्या चादरी धुणारा म्हणाल्या, त्याने ते चार महिन्यांत ओळखलं होतं, आणि त्यांचा टाका तेवढा जपून ठेवला होता. असल्या माणसासमोर काय बोलतात? त्या जे बोलायचं ते बोलल्या.

"जावईबापू, मी इथे कशाला आले ते माहितेय तुम्हाला?"

इस्त्री चालतच राहिली. "माहितेय आई. एक बॅग हलकी होती."

"पहिल्या दिवसापासून?"

"बसस्टँडपासून."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने इस्त्री उभी केली. "काय बोलणार? हिने तुमच्यावर सोपवलं असणार, ते ओळखलं मी. तुम्ही न्यायच्या म्हणालात तर मी अडवणार नव्हतो. म्हटलं, बघू देत. जे आहे ते दिसेलच." मग त्याने शर्टाची कॉलर सरळ केली. "फक्त शर्ट रोज जरा जास्त कडक केला."

त्या रात्रीची वाट न बघता, तिथल्या तिथे बाईंनी लेकीला फोन लावला. पलीकडे तिची दुपारची सुट्टी होती. "आई, काय ठरवलंस?" तिने विचारलं. आवाजात काळजी होती.

"मुली कुठेही येणार नाहीत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्यांच्या बापाला जेवढं जमतं ना, तेवढं मला जमलं नसतं आणि तुलाही जमलं नसतं. तू निवांत तुझं काम कर."

जावयाने पाठ फिरवली आणि उगीचच खळ ढवळायला लागला. पातेलीत ढवळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

उरलेले दिवस बाईंनी हातावर हात ठेवून काढले नाहीत. जावयाकडे तीनच शर्ट होते. उकळून, खळ लावून, इस्त्री करून कॉलरींच्या कडा झिजल्या होत्या. आठवड्याभरात दोरे लोंबले असते, आणि पाळणाघरातल्या बाईला पुन्हा कारण मिळालं असतं. बाईंनी तिन्ही कॉलरी उसवल्या, उलट्या केल्या आणि परत बसवल्या. झिजलेली बाजू खाली गेली, कोरी बाजू वर आली. शर्ट नवे झाले. मग त्यांनी आपल्या देखण्या फ्रॉकांचं अस्तर टराटरा काढलं, लेस काढली, बाह्या काढल्या, आणि शिवण बाहेरच्या अंगाला घेऊन पुन्हा शिवले. बोटं ऐकेनात. चाळीस वर्षांची सवय, शिवण आपोआप आत वळायची. दोनदा उसवावं लागलं. शेजारची काकू डोकावून म्हणाली, "अहो, उलटं शिवताय की काय?"

"उलटं नाही, बरोबर शिवतेय," बाई म्हणाल्या. "एवढे दिवस उलटं शिवत होते."

निघायच्या दिवशी सकाळी सगळी धांदल. गावाकडे शाळा उघडायच्या होत्या, गणवेशांचं काम अंगावर होतं, थांबणं शक्य नव्हतं. रिकामी बॅग आता भरली होती. लेकीचे उरलेले जुने सुती ड्रेस त्यात होते, आणि सोबत इस्पितळातल्या झिजलेल्या चादरींचा एक गठ्ठा, जावयाने रीतसर परवानगी काढून आणलेला. मुली वाढत होत्या, पुढच्या उन्हाळ्याला मोठी मापं लागणार होती. ती बाई गावाहून शिवून पाठवणार होत्या.

खुर्चीवर त्यांचा प्रवासाचा ड्रेस घडी करून ठेवलेला होता. जावयाने पहाटेच इस्त्री केलेली दिसत होती. आतलं अस्तर बाईंनी आधीच काढून टाकलं होतं. त्यांनी ड्रेस अंगात घातला, आणि केस सारखे करायला हात वर नेला तर तो अडला. त्यांनी खांद्याला हात लावून बघितला. पत्र्यासारखा कडक. मग दुसऱ्या खांद्याला लावला. तोही तेवढाच कडक.

जावयाचा नेहमी एकच खांदा कडक असे. उजवा हात त्याला कामाला मोकळा लागायचा. यांचे दोन्ही खांदे त्याने कडक केले होते, आणि पाठ मऊ ठेवली होती.

बाई बाहेर आल्या. जावई दारात बूट घालत होता आणि मुली हातात केळं घेऊन गोंधळ घालत होत्या. मग त्या खाली वाकल्या आणि त्यांनी दोन्ही नातींना उचललं, मोठीला एका खांद्यावर, धाकटीला दुसऱ्या. दोघींनी केळ्याचे हात आजीच्या खांद्यांना पुसून घेतले. बॅगा जावयाने घेतल्या, आणि या वेळी दोन्ही जड होत्या.